सायन्स फिक्शन सिनेमात ख्रिस्ती धागे कसे शोधायचे? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीच्या तरुण संघात आम्ही महिन्यातून एका शनिवारी सिनेमा बघतो आणि मग चहा घेत त्यावर बोलत बसतो, आणि खूपदा तो सिनेमा सायन्स फिक्शनचा असतो कारण पोरांना तेच आवडतं आणि खरं सांगायचं तर मलाही. दरवेळी कोणीतरी नवीन येतं आणि तेच प्रश्न परत येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते. शेवट फुटणार आहेत हे आधीच सांगते, त्याशिवाय हा विषय बोलताच येत नाही.

ख्रिस्ती धागा म्हणजे नक्की काय शोधायचं?

दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकत्र करतात. एक असते खूण. नाव, आकडा, पोज, क्रूसासारखे पसरलेले हात, पांढरं कबूतर, येशूचं मानलं जाणारं वय ३३, हे सगळं. दुसरा असतो धागा, म्हणजे गोष्ट आतून कशी चालते ते. ज्याच्या हातात ताकद आहे तो ती स्वतःला वाचवायला वापरतो का दुसऱ्याला? वाईटाला हरवायचं ते मारून का स्वतः मरून? चुकलेल्या माणसाला परत यायला दार उघडं आहे का? खुणा शोधायला सोप्या म्हणून सगळे तिथेच थांबतात, मी मात्र संघातल्या मुलांना सारखं सांगते की खूण सापडली की आनंद माना पण धागा सापडेपर्यंत उठू नका. खुणांनी खचाखच भरलेला पण धागा अजिबात नसलेला सिनेमा असू शकतो आणि उलटंही असतं.

हे आपण ओढूनताणून तर नाही ना करत? दिग्दर्शकाच्या मनात नसेल तर?

काहींच्या मनात होतं आणि त्यांनी तसं सांगितलंय. १९५१ चा 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' घ्या. परग्रहावरचा क्लाटू वॉशिंग्टनला उतरतो, माणसांत मिसळायला 'कार्पेंटर' म्हणजे सुतार हे नाव घेतो, माणसं त्याला गोळ्या घालून मारतात, तो परत जिवंत होतो, निरोप देतो आणि वर निघून जातो. मार्क ६:३ मध्ये लोक येशूबद्दल 'हा सुतारच ना?' असं विचारतात ते आठवा. पटकथाकार एडमंड नॉर्थ यांनी नंतर कबूल केलं की हे साम्य त्यांनी मुद्दाम ठेवलेलं, फक्त बघणाऱ्याच्या ते पटकन लक्षात येऊ नये अशी त्यांची इच्छा होती. सेन्सॉरवाल्यांना तर मेलेला क्लाटू यंत्राने उठतो हेच खटकलं, म्हणून मग संवाद घातला गेला की जीवन-मरणाची सत्ता फक्त सर्वसमर्थ आत्म्याकडे आहे.

आणि काहींच्या मनात अजिबात नव्हतं. 'ई.टी.' (१९८२) बद्दल स्पीलबर्गना विचारलं तर ते म्हणाले मी ज्यू आहे, असं काही माझ्या डोक्यात नव्हतं. आता बघा, ई.टी. वरून येतो, स्पर्शाने जखम बरी करतो, लहान मुलं त्याला ओळखतात पण मोठे नाही, मरतो, उठतो, छातीत लाल उजेड घेऊन शेवटी निरोप देतो की मी इथेच असेन, आणि वर जातो. मत्तयाच्या शेवटी येशू शिष्यांना सांगतो की मी युगाच्या समाप्तीपर्यंत सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे. मुलांच्या आईचं नाव मेरी आहे. पोस्टरवरची एकमेकांना टेकणारी बोटं मायकेलअँजेलोच्या आदामाच्या चित्रावरून आहेत हे तर कोणीही सांगेल.

माझ्या आजीला इंग्रजी येत नव्हतं. मी कॉलेजात असताना तिच्याबरोबर टीव्हीवर ई.टी. बघितला, ती अर्धवट लक्ष देऊन मटार सोलत होती. ई.टी. मेला, सगळे रडले, आणि मग ते कोमेजलेलं कुंडीतलं फूल हळूच सरळ व्हायला लागलं तेव्हा आजी हातातली शेंग तशीच धरून म्हणाली, "उठला गं तो." अजून पडद्यावर ई.टी.ने डोळे उघडले नव्हते. तिने सत्तर वर्षं दर ईस्टरला ती गोष्ट ऐकली होती, तिला ती कुठेही ओळखू आली असती. म्हणून मी म्हणते, दिग्दर्शकाचं म्हणणं खोटं ठरवू नका, त्याने ते घातलं असं तर अजिबात म्हणू नका, पण दोन हजार वर्षं सांगितली गेलेली गोष्ट पश्चिमेकडच्या कथा सांगायच्या सवयीत इतकी मुरलीय की ती न बोलावता येते. 'त्याला हे म्हणायचं होतं' आणि 'मला इथे हे दिसलं' ही दोन वाक्यं वेगळी ठेवली की ओढाताण होत नाही.

हे सगळं कधीपासून सुरू आहे?

मूक सिनेमापासून. फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला लागला, त्यात खाली जमिनीत राबणारे कामगार आणि वर बागेत मजा करणारे मालक, आणि मालकाचा मुलगा फ्रेडर स्वतःहून खाली उतरतो, एका थकलेल्या कामगाराची जागा घेतो, घड्याळासारख्या यंत्राच्या काट्यांवर हात ताणून लटकतो आणि बापाला हाक मारतो. मारिया नावाची मुलगी भूमिगत गुहांत क्रूसांसमोर उभी राहून कामगारांना बाबेलच्या बुरुजाची गोष्ट सांगते. तिचीच प्रतिकृती असलेला यंत्रमानव प्रकटीकरणातल्या बाबेलच्या वेश्येसारखा नाचतो. इतकं उघड नंतर कोणी फारसं केलं नाही.

याची पटकथा लांगची त्यावेळची बायको थेआ फॉन हार्बू हिची. लांगशी घटस्फोट झाल्यावर तिने गुपचूप लग्न केलं ते बेळगावकडच्या आयी तेंडुलकरांशी, जे तेव्हा जर्मनीत पत्रकारिता करत होते. विषयाशी याचा तसा संबंध नाही पण मला हे कळलं तेव्हा मेट्रोपोलिस एकदम घरचा वाटायला लागला. पुढे ती नाझी पक्षात गेली हेही खरं, आणि ते विसरून तिच्या गोष्टीतलं प्रेमाचं बोलणं ऐकता येत नाही.

मेट्रिक्सबद्दल सांगा ना, सगळे तेच उदाहरण देतात.

देणारच, कारण खुणांचा एवढा खजिना दुसरीकडे नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत ३१ मार्चला लागला, त्या वर्षी ईस्टर ४ एप्रिलला होता. हिरो निओचं खरं नाव थॉमस अँडरसन. थॉमस म्हणजे आपला थोमा, शंका घेणारा, आणि सिनेमाचा पहिला निम्मा भाग निओ तेच करतो. अँडरसन म्हणजे शब्दशः माणसाचा पुत्र, येशू स्वतःला म्हणायचा तेच, असं खूप जण मांडतात, अँड्र्यू नावाचं मूळ ग्रीकमधल्या माणूस या शब्दात आहे म्हणून. ट्रिनिटी म्हणजे त्रैक्य. माणसांचं शेवटचं शहर झायन, म्हणजे सियोन. जहाजाचं नाव नबुखद्नेस्सर, दानीएलाच्या पुस्तकातला तो राजा ज्याला स्वप्न पडतं आणि झोप उडते, आणि ज्या सिनेमात सगळं जगच स्वप्न आहे त्यात हे नाव किती चपखल बसतं बघा. त्याच जहाजावरच्या पाटीवर मार्क तीन, नंबर अकरा असं लिहिलंय, म्हणजे यंत्राचं मॉडेल असावं तसं. आता मार्क ३:११ काढा. अशुद्ध आत्मे त्याला बघून पाया पडतात आणि ओरडतात, तू देवाचा पुत्र आहेस. निओला शोधून आणणारा मॉर्फियस बाप्तिस्मा करणाऱ्या योहानासारखा, जो स्वतः तो नाही पण येणाऱ्याची वाट बघतोय. साथीदारांना दगा देणारा सायफर म्हणजे येशूला धरून देणारा यहूदा, तोही जेवणाच्या टेबलावर बसून सौदा करणारा. निओ मरतो, उठतो, शेवटी वर उडून जातो.

एवढं सगळं असून माझा यात एक अडकलेला काटा आहे. उठण्याच्या आधी हाच निओ त्या बिल्डिंगच्या लॉबीत शिरून साध्या पहारेकऱ्यांना धडाधड मारतो, ज्यांना आपण स्वप्नात आहोत हेही माहीत नाही, म्हणजे ज्यांना सोडवायचं तेच. तिथे मला ख्रिस्त दिसत नाही, काळा कोट घातलेला ॲक्शन हिरो दिसतो.

आणि म्हणून मला तिसरा भाग, २००३ चा 'रेव्होल्यूशन्स', जो बहुतेकांना आवडत नाही, तो जास्त जवळचा वाटतो. शेवटी निओ आंधळा झालेला, शत्रू असलेल्या यंत्रांच्या शहरात एकटा, त्याचा जुना वैरी स्मिथ याच्याशी मारामारी करून दमतो आणि मग लढणंच थांबवतो. स्मिथला स्वतःत शिरू देतो. वाईटाला बाहेरून हरवता येत नाही म्हणून ते अंगावर घेतो आणि त्यातच ते संपतं, हात पसरलेले, छातीतून उजेड, आणि यंत्रांचा प्रमुख म्हणतो झालं. योहान १९:३० मधलं 'पूर्ण झाले आहे'. पहिल्यात खुणा जास्त, तिसऱ्यात धागा जास्त. ज्यांनी तिसरा अर्ध्यावर सोडलाय त्यांनी फक्त शेवटची वीस मिनिटं तरी बघावीत.

पण मेट्रिक्समध्ये तर माया आहे, बौद्ध विचार आहे, ख्रिस्ती कसा?

दोन्ही आहे, नाकारायचं कशाला. जग हा भ्रम आहे आणि जागं होणं म्हणजे सुटका, हा विचार ख्रिस्ती नाहीच. उत्पत्तीत देव जग बनवतो आणि चांगलं आहे असं म्हणतो, त्यामुळे शरीर आणि जग खोटं, खरं ते ज्ञान, असं म्हणणाऱ्या जुन्या ज्ञानवादी पंथांशी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीने वाद घातला होता. आणि रेव्होल्यूशन्स संपल्यावर नावं येतात तेव्हा जे गाणं वाजतं त्यात चक्क 'असतो मा सद्गमय' आहे, बृहदारण्यक उपनिषदातलं. एका सिनेमात चार नद्यांचं पाणी असू शकतं, आपण आपली नदी ओळखावी, बाकीच्यांना आपलं नाव देऊ नये.

स्टार वॉर्समधला 'फोर्स' म्हणजे देव का?

नाही. फोर्स ही शक्ती आहे, तिला नाव नाही, ती प्रेम करत नाही, तिला उजेडाची बाजू तशी अंधाराचीही. ताओ विचाराच्या जास्त जवळ. १९९९ च्या 'फँटम मेनेस'मध्ये अनाकिनची आई सांगते की याला बाप नव्हता, तेव्हा सगळे कुमारीजन्म म्हणून उड्या मारतात, पण तोच मुलगा पुढे डार्थ व्हेडर होतो, ही नुसती खूण झाली.

धागा १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये आहे. ल्यूकसमोर त्याचा बाप, म्हणजे हाच डार्थ व्हेडर, पडलाय, सम्राट म्हणतो मार, आणि ल्यूक हातातली तलवार फेकून देतो. गेथशेमाने बागेत अटक होताना येशूने शिष्य पेत्राला सांगितलं होतं ना, तरवार परत जागी ठेव. आणि मग तोच बाप, ज्याच्यात काहीच चांगलं उरलं नाही असं सगळे म्हणत होते, मुलासाठी उठतो आणि मरतो. बाप मरत असताना ल्यूक म्हणतो मला तुम्हाला वाचवायचंय, आणि बाप म्हणतो तू आधीच वाचवलंस. मी हा सीन किती वेळा बघितलाय आणि दरवेळी घसा दाटतो.

सुपरमॅन?

'मॅन ऑफ स्टील' (२०१३) मध्ये त्याचं वय ३३, चर्चमध्ये जाऊन फादरशी बोलतो तेव्हा मागे काचेवर गेथशेमानेतला येशू, अवकाशयानातून हात पसरून पडतो. स्टुडिओने तर पाळकांसाठी प्रवचनाचं साहित्यही तयार करून दिलं होतं. आणि शेवटी अख्खं शहर उद्ध्वस्त होतं आणि तो शत्रूची मान मोडतो. मला हे विकायला लावलेलं वाटलं आणि वाईट वाटलं.

शिवाय सुपरमॅन मुळात १९३८ चा, सीगल आणि शुस्टर या दोन ज्यू मुलांनी केलेला. नष्ट होणाऱ्या जगातून टोपलीत घालून सोडलेलं बाळ परक्या घरात वाढतं, ही मोशेची गोष्ट आहे. काल-एल मधला 'एल' म्हणजे हिब्रूत देव. आपण घाईने येशू म्हणतो तेव्हा ज्यू लोकांची गोष्ट त्यांच्याकडून काढून घेतो, हे लक्षात ठेवायला हवं.

टर्मिनेटरमधल्या जॉन कॉनरची अक्षरं जे.सी. आहेत, जीझस ख्राइस्ट, बरोबर?

जेम्स कॅमेरॉनचीही जे.सी.च आहेत, त्यामुळे त्यावर इमारत बांधू नका. जन्माआधीच जॉनला मारायला निघालेली सत्ता मात्र बेथलेहेमची बाळं मारणाऱ्या हेरोद राजाची आठवण करून देते. आणि दुसऱ्या भागात (१९९१) इतरांसाठी वितळलेल्या लोखंडात स्वतःहून उतरतं ते यंत्र, जॉन नाही.

रोबोकॉपसारखा रक्तबंबाळ सिनेमा तुम्ही चर्चच्या मुलांना दाखवता?

दाखवत नाही. पण बोलते, कारण पॉल व्हरहोवेन यांनी स्वतः सांगितलंय की १९८७ चा रोबोकॉप ही त्यांच्या लेखी ख्रिस्ताची गोष्ट आहे, अमेरिकन ख्रिस्ताची. मर्फी नावाच्या पोलिसाचा आधी हातच उडवतात, मग छळून मारतात, मग तो वेगळ्या देहात उठतो, शेवटी बंद पडलेल्या पोलाद कारखान्यात पाण्यावरून चालल्यासारखा येतो. आणि म्हणतो आता मी तुला अटक करणार नाही. म्हणजे मारणार. व्हरहोवेन येशूच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या 'जीझस सेमिनार' या विद्वानांच्या गटात बसायचे, त्यांना नीट कळत होतं ते काय करतायत. क्षमा न करणारा, बंदूकवाला तारणारा, असा समाज बनवला तर देव कसा दिसेल ते त्यांनी दाखवलंय. ते बघून अस्वस्थ व्हायला होतं आणि तसं व्हायलाच हवं.

ब्लेड रनरमधला रॉय बॅटी खुनी आहे, त्याला ख्रिस्त कसं म्हणता?

मी नाही म्हणत, बरेच जण म्हणतात. रॉय हा बनवलेला कृत्रिम माणूस. हाताला खिळा आहे, कबूतर आहे, ज्याने बनवलं तो टायरेल त्याला 'उधळ्या पुत्र' म्हणतो. पण लूकमधल्या दाखल्यातला मुलगा घरी येतो तेव्हा बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, आणि हा रॉय बापाचे डोळे फोडून मारतो. मला रॉय दिसतो तो वधस्तंभाच्या शेजारच्या चोरासारखा. आयुष्यभर वाईट केलं आणि शेवटच्या काही मिनिटांत, जेव्हा काहीच मिळणार नाही, तेव्हा ज्याला मारायला पाठलाग केला त्याचाच हात धरून वर ओढला, तोही खिळा घातलेल्या हाताने. लूक २३ वाचून हा सीन बघा.

इंटरस्टेलर?

लाजरस मोहीम, बारा अंतराळवीर, ही नावं आणि आकडा उघड आहे. प्रोफेसर म्हणतात लाजरस मेलेल्यातून उठला, कूपर म्हणतो हो पण आधी मरावं लागलं ना. हे एक वाक्य मला अख्ख्या सिनेमापेक्षा जास्त ख्रिस्ती वाटतं.

तुम्हाला स्वतःला कोणता सगळ्यात जवळचा?

'चिल्ड्रन ऑफ मेन', २००६, अल्फोन्सो क्वारोन. इंग्लंड, २०२७ साल, अठरा वर्षं जगात एकही बाळ जन्मलेलं नाही, शाळा ओस, आणि सरकार निर्वासितांना पिंजऱ्यात कोंडतंय. अशात की नावाची एक काळी निर्वासित मुलगी गरोदर आहे. ती हे तिला सोबत करणाऱ्या थिओला कुठे दाखवते? गोठ्यात, गाईंच्या मधे. बाप कोण विचारल्यावर थट्टेत म्हणते मी कुमारी आहे, आणि मग हसून खरं काय ते सांगते. थिओ या नावात देव या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, बंडखोरांच्या गटाचं नाव फिशेस, आणि मासा ही तर पहिल्या ख्रिस्ती लोकांची खूण. सिनेमाचं नाव स्तोत्र ९० मधून आलंय, मूळ कादंबरी पी. डी. जेम्स यांची, १९९२ ची, त्या स्वतः अँग्लिकन. अमेरिकेत तर हा २५ डिसेंबरला लागला.

पण हे सगळं नसतं तरी चाललं असतं. त्यातला तो जिना आहे. बाहेर सैन्य आणि बंडखोर एकमेकांवर गोळ्या झाडतायत, बिल्डिंग ढासळतेय, आणि की बाळाला छातीशी धरून थिओबरोबर जिना उतरते, बाळ रडतं. एकेक माणूस थांबतो. म्हाताऱ्या बायका हात लावायला बघतात, कोणी परमेश्वराचं नाव घेतं, सैनिक बंदुका खाली करतात, काही गुडघ्यावर येतात. त्यातल्या अनेकांनी बाळाचं रडणं आयुष्यात ऐकलेलंच नसतं. ती दोघं मधून चालत जातात. मागे जॉन टॅव्हनर यांचं प्रार्थनेसारखं संगीत. आणि मग कुठूनतरी एक स्फोट होतो आणि परत गोळीबार सुरू.

दर नाताळात आम्ही गोठ्याचा देखावा करतो, छान कापूस लावतो, चांदण्या लावतो, पोरं मेंढपाळ होतात. बेथलेहेमवर पण रोमी सैन्य होतं आणि लगेच हेरोदाने मुलं मारली, ते आम्ही देखाव्यात कधी दाखवत नाही. हा सिनेमा बघून मला पहिल्यांदा कळलं की 'शांती' हा शब्द त्या रात्री किती धोकादायक जागी उच्चारला गेला होता. थिओ शेवटी होडीत, पोटात गोळी घेऊन, बाळाला पाठीवर कसं थोपटायचं ते कीला दाखवतो. तिला बाळ वाचवून द्यायचं एवढंच त्याचं काम होतं, ते झालं, आणि तो मान टाकतो. अख्ख्या सिनेमात त्याने एकदाही बंदूक चालवलेली नाही.

लहान मुलांसाठी नाही. अठराच्या पुढच्यांनीच बघा.

विज्ञानकथा आणि श्रद्धा, दोन्हीचं पटतं का मुळात?

'कॉन्टॅक्ट' (१९९७) बघा. एली पुराव्याशिवाय काहीच न मानणारी शास्त्रज्ञ, आणि शेवटी तिलाच असा अनुभव येतो ज्याचा पुरावा तिच्याकडे नाही, आणि ती भर सुनावणीत उभी राहून म्हणते हे घडलं, मी खोटं बोलत नाही. कबरेपाशी गेलेल्या बायकांची हीच अवस्था झाली होती, शिष्यांना ते बोलणं वायफळ वाटलं असं लूक लिहितो.

'अवतार' म्हणजे येशूचाच देह घेणं ना?

आपल्याला हा शब्द घरचा आहे म्हणून पटकन तसं वाटतं. पण मराठी ख्रिस्ती लोक अवतार म्हणत नाहीत, देहधारण म्हणतात, आणि योहान म्हणतो 'शब्द देही झाला'. सिनेमातला जेक एका देहातून दुसऱ्यात ये-जा करतो, मूळ देह मागे पेटीत झोपलेला. येशूला मागे सुरक्षित ठेवलेला देह नव्हता. तो एकच होता, तोच मारला गेला.

मी ख्रिस्ती नाही, मला संदर्भच माहीत नाहीत. कुठून सुरू करू?

मार्कचं शुभवर्तमान वाचा. सोळा अध्याय आहेत, चारांतलं सगळ्यात छोटं, एका संध्याकाळी होतं. त्यानंतर योहानाचे शेवटचे काही अध्याय. मराठीत वाचा, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आजच्या भाषेत आहे. आणि परकी गोष्ट आपल्या घाटात सांगणं आपल्याला नवीन नाही, फादर थॉमस स्टीफन्सने 'क्रिस्तपुराण' ओवीत रचलं आणि गोव्यात ते १६१६ मध्ये छापलं गेलं. तेव्हा ओवी हा लोकांचा ओळखीचा घाट होता, आज आमच्या संघातल्या पोरांना अवकाशयान ओळखीचं आहे.

आमच्याकडे असा कार्यक्रम करायचा असेल तर कसा करू?

आधी स्वतः पूर्ण बघा, मग पाळकांना किंवा फादरना सांगून ठेवा. सिनेमाच्या आधी भाषण देऊ नका, कुठली खूण कुठे आहे ते तर मुळीच सांगू नका, नाहीतर पोरं गोष्ट सोडून खुणाच मोजत बसतात. नंतर दोनच प्रश्न विचारा, कोणी कोणासाठी काय सोडलं, आणि कोणाला क्षमा मिळाली. कोणी म्हणालं की यात मला येशू दिसला नाही तर त्याला पटवत बसू नका, त्याचंही बरोबर असेल.

घरातली छोटी मुलं असतील तर 'वॉल-ई' (२००८) चांगला, दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन स्वतः ख्रिस्ती आहेत, ईव्ह जुन्या बुटातलं रोपटं जहाजावर आणते ते नोहाच्या कबुतराच्या चोचीतलं जैतुनाचं पान मुलांना लगेच आठवतं. आणि सगळ्या वयाचे एकत्र असतील तर ई.टी.च लावा. फूल सरळ व्हायला लागलं की तिथे पॉज करा आणि विचारा, आता काय होणार? मोठे गप्प बसतात, संडे स्कूलची पोरं ओरडून सांगतात.